वाचकांचे प्रश्न : ग्रहणाचा स्पर्श नेमका केव्हा झाला?

ग्रहणांविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या वेळी उत्तरासाठी घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, पण पुढच्या पत्रांतील बरेचसे प्रश्न त्याच्याच आधाराने सुटणारे असल्यामुळे ते आखडते घेतलेले नाही.

प्रश्न : ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्रीचे खग्रास चंद्रग्रहण आम्ही उभयतांनी घराच्या गच्चीवरून ढगांच्या फटींतून पाहिले. स्पर्श, म्हणजे छाया चंद्राला लागण्याचा क्षण, ९ वाजून ५७ मिनिटांनी होता आणि मला छाया वेळेवर दिसली. पत्नीच्या मते मात्र दहा वाजून पाच मिनिटे झाली तेव्हा कोठे चंद्राची कड काळवंडली. घरात पाच घड्याळे असून आमचे एकमत झाले नाही. मग साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी भरवस्तीत राहणारे ज्योतिर्विद ग्रहणाची वेळ ठरवीत तरी कशी, आणि एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय होता?
— एक निवृत्त शिक्षक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आपल्या घरातील वाद मिटवणे अवघड आहे, कारण दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. चंद्रग्रहणात चंद्रावर पृथ्वीची सावली पडते आणि त्या सावलीला रेखीव कड नसते. गडद छायेच्या भोवती उपच्छाया, म्हणजे फिकी सावली, असते, ती आतल्या बाजूस दाट होत जाते, आणि पृथ्वीच्या वातावरणामुळे छायेची सीमा आणखीच पुसट होते. त्यामुळे स्पर्शाचा क्षण गणिताने सेकंदापर्यंत सांगता आला, तरी नुसत्या डोळ्यांनी तो पकडताना दोन माणसांत काही मिनिटांचे अंतर सहज पडते. आपल्याकडे ते आठ मिनिटांचे पडले, एवढेच.

या आठ मिनिटांची किंमत किती, यातच आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. चंद्रग्रहण ज्यांना दिसते त्या सर्वांना ते एकाच क्षणी दिसते. मात्र त्या क्षणी प्रत्येक गावची स्थानिक वेळ, म्हणजे सूर्य मध्यान्ही आला की बारा धरून मोजलेली वेळ, निराळी असते. बडोद्याची अशी वेळ आपल्या घड्याळातील प्रमाणवेळेच्या सुमारे ३७ मिनिटे मागे आहे. दोन गावांनी एकाच ग्रहणाच्या आपापल्या वेळा नोंदवून ठेवल्या आणि मागाहून ताडून पाहिल्या, तर वेळांतील फरकावरून रेखांशांतील फरक निघतो. ही युक्ती आपल्याकडे जुनी आहे. उज्जयिनीवरून जाणारी रेषा आधाराला धरून गणिताने आलेली चंद्रग्रहणाची वेळ आणि प्रत्यक्ष दिसलेली वेळ यांच्या अंतरावरून गावाचे देशांतर, म्हणजे त्या रेषेपासूनचे पूर्व-पश्चिम अंतर, काढावे, असे सूर्यसिद्धांत या जुन्या संस्कृत ज्योतिषग्रंथात सांगितले आहे. बडोदे उज्जयिनीच्या पश्चिमेस सुमारे अडीच अंशांवर असल्याने येथे ग्रहणाची स्थानिक वेळ दहा मिनिटे अलीकडची येते. आता आपली नोंद खरी मानून घराचे स्थान निश्चित केले आणि मग पत्नीच्या नोंदीवरून तेच गणित पुन्हा केले, तर आठ मिनिटांपोटी दोन अंश वाढतील आणि दांडिया बाजारातील घर उचलले जाऊन माळव्यातील पवारांच्या धार शहराजवळ पडेल. दोनशे किलोमीटरची ही चूक हास्यास्पद वाटेल, पण सतराव्या शतकाच्या आरंभी युरोपातील समुद्राच्या नकाशांत याहून कितीतरी मोठ्या चुका होत्या.

त्या चुका हेरणाऱ्यांत फ्रान्समधील एक्स शहरात राहणारे निकोला पेरेस्क आणि त्यांचे मित्र प्येर गासांदी हे दोघे आघाडीवर होते. पेरेस्क यांनी पूर्वेकडे जाणाऱ्या कॅपुचिन पाद्र्यांना आणि व्यापारी वर्तुळातील लोकांना दुर्बीण व कोनमापक कसे वापरायचे ते शिकवले, आणि २८ ऑगस्ट १६३५ च्या चंद्रग्रहणाचे वेध कैरो, आलेप्पो अशा दूरदूरच्या शहरांतून घेववले. ती टिपणे पत्रांनी परत आल्यावर असे दिसले, की नकाशांत काढला जाणारा भूमध्य समुद्र खऱ्यापेक्षा सुमारे १००० किलोमीटर जास्त लांब होता. एका रात्रीच्या कामाचे हे फळ होते. पुसट कडेची अडचणही या दोघांच्या ध्यानात आली होती. छाया चंद्राला केव्हा लागली हे पाहण्याऐवजी ती चंद्रावरील अमुक डागावर केव्हा पोहोचली हे पाहिले, तर एकाच रात्रीत अनेक वेळा मिळतात आणि त्यांच्या सरासरीत चूक पुष्कळ विरते. त्यासाठी सर्वांकडे चंद्राचा एकच नकाशा हवा, म्हणून त्यांनी क्लोद मेलां या कोरीवकाम करणाऱ्या कलावंताकडून दुर्बिणीतील चंद्राची चित्रे करवून घेतली. पुढच्या ग्रहणाला आपण उभयतांनी स्पर्शाचा हट्ट सोडून एखादे ठळक विवर निवडून पाहावे. घरातला वाद निम्म्यावर येईल.

राहिला घड्याळांचा प्रश्न. हायगेन्स यांचे लंबकाचे घड्याळ १६५६ चे आहे. त्यापूर्वीची यांत्रिक घड्याळे दिवसाकाठी पाव तास सहज चुकत, म्हणून त्यांच्यावर कोणीही जाणता माणूस विसंबत नसे. वेळ आकाशातूनच घ्यावी लागे. ग्रहणाची अवस्था दिसली रे दिसली, की सोबत्याने तुरीययंत्राने, म्हणजे पाव वर्तुळाच्या कोनमापकाने, एखाद्या ठळक ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची मोजायची आणि तिच्यावरून मागाहून वेळ काढायची. गासांदी यांनी ७ नोव्हेंबर १६३१ रोजी पॅरिसमध्ये सूर्यबिंबावरून बुध सरकताना पाहिला तेव्हाची तजवीज तर मोठी मौजेची होती. ते स्वतः वरच्या अंधाऱ्या खोलीत कागदावर पडलेल्या सूर्यप्रतिमेकडे डोळे लावून बसले होते, सूर्याची उंची मोजणारा मदतनीस खालच्या खोलीत होता, आणि दोघांमधला संकेत म्हणजे गासांदी यांनी जमिनीवर आपटलेला पाय.

डान्झिग (आजचे पोलंडमधील ग्दान्स्क) बंदरातील योहान्नेस हेवेलियस यांनी हेच काम थाटात केले. पेशाने ते बिअर गाळणारे. एकमेकांना लागून असलेल्या आपल्या तीन घरांच्या छपरांवर त्यांनी सलग मंच बांधला आणि तेथे युरोपातील नामांकित वेधशाळांपैकी एक उभी केली. लंबकाचे घड्याळ हाती येण्यापूर्वी ते साध्या लंबकाचे हेलकावे मोजून मधला वेळ भरून काढीत. त्यांच्या पत्नी एलिझाबेथ या वेध घेण्यात त्यांच्या बरोबरीने असत, ही गोष्ट आपल्या घरातील वादाच्या संदर्भात सांगण्याजोगी आहे. डान्झिगचे अक्षांश ५४ पेक्षा अधिक असल्याने तेथे ठीक पूर्वेकडचा ताराही मिनिटाला जेमतेम पावणेनऊ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) वर चढतो. बडोद्यात तो जवळजवळ चौदा कला चढतो. म्हणजे एका कलेची तीच चूक डान्झिगला सात सेकंदांची ठरते आणि बडोद्याला साडेचार सेकंदांची देखील होत नाही. हेवेलियस यांना दांडिया बाजारातील गच्ची मिळाली असती, तर त्यांनी ती सुखाने घेतली असती.

भरवस्तीची अडचण त्यांना फारशी का वाटली नाही, हेही यावरून लक्षात येईल. धुराडी होती आणि छपरे हलत असत, पण चंद्र, सूर्य आणि ठळक तारे दिसायला काळेकुट्ट आकाश लागत नाही. उलट यंत्रे घडवणारे कारागीर, छापखाने आणि टपाल शहरातच होते, आणि दुसऱ्या गावच्या वेधाशी ताडून पाहिल्याशिवाय ग्रहणाच्या वेधाला काडीची किंमत नव्हती. मालव्याची सुभेदारी सांभाळलेले जयपूरचे राजे सवाई जयसिंह यांनाही याच कारणासाठी पोर्तुगालपर्यंत माणसे पाठवावी लागली. तेथून आलेली फ्रेंच ज्योतिर्विद ला हीर यांची ग्रहगतीची कोष्टके त्यांच्या वेधकांनी तपासली, तेव्हा चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची आणि ग्रहणांच्या वेळांत १५ पळांची चूक निघाली. पंधरा पळे म्हणजे सहा मिनिटे. आपल्या घरचा वाद त्याहून दोन मिनिटांनी मोठा आहे.

प्रश्न : पिधान म्हणजे चंद्राने ताऱ्याला झाकणे, हे पुस्तकात वाचले. परंतु ग्रहणासारखे त्यात पाहण्याजोगे काय आहे? आणि शहरातील दिव्यांच्या झगमगाटात ते दिसू शकते काय?
— एक विद्यार्थिनी, कारेलीबाग, बडोदे

उत्तर : पाहण्याजोगे आहे ते त्याचे अचानकपण. चंद्र ताऱ्यांमधून तासाला साधारण आपल्या बिंबाएवढा पूर्वेकडे सरकतो. शुक्ल पक्षात त्याची पुढची कड काळोखी असते, म्हणून तारा काहीच नसलेल्या जागेकडे जवळ जवळ जात राहतो आणि एकाएकी विझतो. मंद होणे नाही, मिणमिणणे नाही. दिव्याची कळ दाबावी तसा तो जातो. पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास डोळे चोळतो.

या विझण्याने सतराव्या शतकात एक मोठा गैरसमज दूर केला. डेन्मार्कचे ज्योतिर्विद टायको ब्राहे यांच्या अंदाजाने पहिल्या प्रतीच्या, म्हणजे सर्वांत ठळक, ताऱ्याचे बिंब सुमारे दोन कलांचे होते. तसे खरेच असते तर सेकंदाला अर्धी विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) सरकणाऱ्या चंद्राला ते पुरते झाकायला चार मिनिटे लागली असती. लिव्हरपूलजवळच्या टॉक्सटेथ येथे राहणाऱ्या जेरेमाया होरॉक्स या विशीतही न पोहोचलेल्या तरुणाने १९ मार्च १६३७ रोजी चंद्र कृत्तिकांवरून जाताना पाहिला, आणि प्रत्येक तारका क्षणार्धात नाहीशी झाल्याचे नोंदवले. ताऱ्यांची दिसणारी बिंबे ही डोळ्यांची फसवणूक आहे आणि तारे प्रत्यक्षात बिंदूंसारखे आहेत, असा त्याचा अर्थ होता.

आपल्याकडे चंद्राच्या सत्तावीस पत्नींपैकी लाडकी म्हणून रोहिणीची कथा सांगतात. त्या कथेमागे या तारकेला चंद्र वारंवार गाठतो हे निरीक्षण असावे, असे मला वाटते. अशी पिधाने सुमारे साडेअठरा वर्षांच्या चक्रात काही वर्षे ओळीने घडतात; मागची मालिका २०१५ ते २०१८ या काळात होऊन गेली. याच रोहिणीचे पिधान ९ मार्च १४९७ च्या रात्री इटलीतील बोलोन्या शहरात चोवीस वर्षांच्या कोपर्निकसने पाहिले. प्राचीन ग्रीक ज्योतिर्विद टॉलेमी यांच्या चंद्रगतीच्या मांडणीप्रमाणे चंद्राचे पृथ्वीपासूनचे अंतर इतके कमीजास्त व्हायला हवे, की कधी कधी त्याचे बिंब जवळजवळ दुपटीने मोठे दिसावे. तसे दिसत नाही हे सर्वांना ठाऊक होते, तरी कोष्टके टॉलेमी यांचीच चालत. रोहिणी नेमकी कोठे आणि केव्हा झाकली गेली, यावरून कोपर्निकसने चंद्राचे अंतर तपासून पाहिले आणि १५४३ मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात हा वेध पुराव्यादाखल दिला. पुढे १७१८ मध्ये इंग्रज ज्योतिर्विद एडमंड हॅली यांनी तारे स्थिर नसून अतिमंद गतीने सरकतात हे दाखवताना ज्या जुन्या नोंदींचा आधार घेतला, त्यांत इ. स. ५०९ मध्ये अथेन्सहून पाहिलेली चंद्र-रोहिणीची गाठही होती.

एक सावधगिरी मात्र ठेवावी लागते. चंद्रग्रहण सर्वांना एकाच क्षणी दिसते, पिधान तसे नाही. चंद्र इतका जवळ आहे, की पृथ्वीवरील दोन टोकांच्या गावांहून तो ताऱ्यांमध्ये एक-दोन अंशांच्या फरकाने दिसतो, म्हणून बडोद्यात झाकलेला तारा चेन्नईत कदाचित झाकला जाणारच नाही. रेखांश काढण्यापूर्वी हा लंबनाचा हिशेब करावा लागतो, आणि जुन्या ज्योतिर्विदांचे अर्धे आयुष्य त्या हिशेबात जात असे.

दिव्यांची काळजी नको. रोहिणी, मघा, चित्रा, ज्येष्ठा हे चारही तारे चंद्राच्या वाटेवर आहेत आणि कारेलीबागेतून सहज दिसतात. साधी द्विनेत्री दुर्बीण घ्यावी, कोपर कठड्यावर टेकवावेत, आणि तारा विझताच मोठ्याने ‘गेला’ म्हणावे. मोबाइलच्या घड्याळाकडे पाहणारे दुसरे माणूस शेजारी असावे. गासांदी यांच्या पाय आपटण्याचीच ही आवृत्ती आहे.

प्रश्न : सूर्यग्रहण जुने ज्योतिर्विद डोळ्यांना इजा न होता कसे पाहत?
— एक वाचक, अकोटा, बडोदे

उत्तर : सूर्याकडे न पाहता. अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून, पुढे दुर्बिणीतून, कागदावर सूर्याची प्रतिमा पाडीत आणि तिच्यावर वर्तुळ काढून ग्रास, म्हणजे झाकलेला भाग, मोजीत. या रीतीत एक खोच होती. छिद्रातून पाहिले की ग्रहणातील चंद्र नेहमीपेक्षा लहान दिसतो, असे टायको ब्राहे यांना आढळले होते आणि त्याचे कारण सापडत नव्हते. केप्लर यांनी १० जुलै १६०० चे खंडग्रास ग्रहण ग्राझ शहरातील बाजारचौकात स्वतः बनवलेल्या यंत्राने पाहिले आणि त्या निमित्ताने उलगडा केला. छिद्र बिंदूएवढे नसून त्याला आकारमान असल्यामुळे सूर्याची उजळ प्रतिमा चहूकडून छिद्राच्या मापाने फुगते आणि चंद्राची काळी खोबण तेवढीच आक्रसते. छिद्राचे माप वजा केले की चंद्र मूळ आकाराला येतो. केप्लर या कामात गढले असताना गर्दीतल्या कोणीतरी तीस गुल्डन असलेली त्यांची थैली लांबवली. भर बाजारात वेध घेण्याचा हा खर्च.

शहराने वेधात सामील व्हावे, असा सर्वांत नेटका प्रयत्न मात्र हॅली यांचा. ३ मे १७१५ च्या खग्रास ग्रहणापूर्वी त्यांनी इंग्लंडवरून सावली कशी जाणार याचा नकाशा छापून वाटला आणि लंबकाच्या घड्याळाने खग्रास अवस्था किती वेळ टिकली ते मोजून कळवावे, अशी लोकांना विनंती केली. स्वतः त्यांनी लंडनमध्ये ३ मिनिटे २२ सेकंद मोजली. भाकिताची वेळ सुमारे चार मिनिटांनी चुकली, पण लोकांकडून आलेल्या नोंदींमुळे सावलीची खरी कड त्यांना आखता आली. २२ जुलै २००९ च्या पहाटे आपले बडोदे असेच खग्रास पट्ट्यात होते. मी कमाटीबागेजवळ उभा होतो. पावसाळी ढगांनी सूर्य दिसू दिला नाही. साडेसहाच्या सुमारास उजेड ओसरला, कावळे गप्प झाले आणि थोड्याच वेळात पुन्हा ओरडू लागले. घड्याळात पाहायचे मी विसरलो, ही चुटपुट अजून आहे.

प्रश्न : आमच्या घरी सासूबाई ग्रहणाचे वेध पाळतात. युरोपात त्या काळी लोकांना ग्रहणाची भीती वाटत नव्हती काय?
— एक गृहिणी, रावपुरा, बडोदे

उत्तर : वाटत होती, आणि चांगलीच. याचा साक्षीदार फ्रान्स्वा बर्निए हा गासांदी यांचाच शिष्य आहे. १६५४ च्या सूर्यग्रहणाच्या वेळी फ्रान्समध्ये गासांदी आणि इतर विद्वानांनी भिण्याचे कारण नाही असे सांगूनही कोणी ग्रहणावरची औषधे विकत घेतली, कोणी तळघरांत दडले, कोणी चर्चकडे धावले, असे त्याने लिहिले आहे. बारा वर्षांनी, १६६६ मध्ये, हाच बर्निए दिल्लीत यमुनेकाठच्या घराच्या गच्चीवरून दुसरे सूर्यग्रहण पाहत होता. कमरेइतक्या पाण्यात उभे राहून आकाशाकडे डोळे लावलेली माणसे त्याला तेथे दिसली, आणि ग्रहण लागताच ती सारी एकदम पाण्यात बुडाली. त्याने दोन्ही हकिकती एकापाठोपाठ एक दिल्या आहेत, म्हणून मला तो प्रामाणिक वाटतो. मराठीत ‘वेध’ हा शब्द पाळण्यालाही आहे आणि मोजण्यालाही. सासूबाईंना पहिला सोडायला सांगण्यापेक्षा त्यांना गच्चीवर बोलावून दुसरा घ्यायला लावावा. स्पर्श केव्हा होतो हे नदीत उभ्या असलेल्या माणसाइतके आतुरतेने दुसरे कोण पाहत असेल?

प्रश्न : आमच्या सुरतेतून त्या काळी कोणी असा वेध घेतला होता काय?
— एक मराठी वाचक, सुरत

उत्तर : घेतला होता. जेरेमाया शेकर्ली या इंग्रज तरुणाने गणित करून पाहिले, की १६५१ मधील बुधाचे अधिक्रमण, म्हणजे सूर्यबिंबावरून सरकणे, इंग्लंडमधून दिसणार नाही, ते हिंदुस्थानातून दिसेल. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या आश्रयाने सुरतेस आला आणि ३ नोव्हेंबर १६५१ रोजी सूर्यबिंबावर बुधाचा काळा ठिपका त्याने पाहिला. शिवाजी महाराजांच्या सुरतेवरील पहिल्या स्वारीला तेव्हा बारा वर्षे अवकाश होता. गासांदी यांनी पाहिल्यानंतर बुधाचे अधिक्रमण माणसाच्या डोळ्यांना दिसण्याची ही दुसरीच वेळ. परंतु बुध सूर्यावर केव्हा शिरला आणि केव्हा बाहेर पडला, यांपैकी एकही वेळ शेकर्लीला नोंदवता आली नाही, आणि बिंबावरील त्याची जागाही मोजता आली नाही. त्यामुळे सहा-सात हजार कोसांच्या समुद्रप्रवासानंतर घेतलेला तो वेध कोणत्याही कोष्टकाच्या दुरुस्तीला उपयोगी पडला नाही. काही वर्षांतच तो हिंदुस्थानात वारला.